आयती रसिकता

गेल्या माघांत आमच्या तालुक्यांतील एका व्याख्यानमालेंत ‘आजीच्या हातची चव’ या विषयावर एका नामांकित वक्त्यांचें भाषण झालें. सभागृह भरलेलें होतें आणि वक्त्यांची वाणीही त्या दिवशीं प्रसन्न होती. चुलीचा धूर, उखळाचा नाद, वाकळेची ऊब, वैलाशेजारीं अंग चोरून निजलेलें मांजर, असें एकेक चित्र ते उभें करीत गेले. आणि श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं, त्यांत आम्हीही आलों, रुमाल डोळ्यांस लावले. भाषणानंतर विषयास शोभेल असेंच भोजन होतें. शाळूच्या भाकरी, शेंगांची चटणी, हुलग्याचीं शेंगोळीं. हात धुण्यासाठीं आम्ही सभागृहाच्या मागच्या बाजूस गेलों, तों तेथें पत्र्याच्या छपराखालीं सात-आठ बायका दुपारपासून भाकरी थापीत बसलेल्या दिसल्या. त्यांतील एका वयस्क बाईंस आम्हीं सहज विचारलें, “मावशी, भाषण ऐकलंत कीं नाहीं?”

“कसलं भाषण, सर?” त्या म्हणाल्या. “तवा सोडून कुठं जाणार?”

त्या रात्रीं भाकरी आमच्या घशाखालीं नीट उतरली नाहीं, आणि हा लेख त्या न उतरलेल्या भाकरीपायीं लिहिला जात आहे.

आमचें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगून टाकतों, म्हणजे वाचकांस रागवायचें असल्यास त्यांनीं शेवटापर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. हातानें केलेल्या वस्तूंचा, जुन्या घरगुती स्वयंपाकाचा आणि घरांत हिंडणाऱ्या मांजराचा जो रोजचा आनंद असतो तो आम्ही थोर आनंद मानतों. परंतु आज आपल्या सुशिक्षित वर्गांत या आनंदाचें जें स्तोत्र चाललें आहे तें बहुतांशीं अशा लोकांनीं चालविलें आहे कीं ज्यांनीं उभ्या जन्मांत मुसळ उचललें नाहीं, सुईंत दोरा ओंवला नाहीं, आणि मांजराची घाण काढली नाहीं. या रसिकतेस आम्ही आयती रसिकता म्हणतों. आमचें भांडण तिच्याशीं आहे.

दुसराही एक पक्ष आहे, त्याचा निकाल आधीं लावून टाकूं. हा पक्ष म्हणतो कीं हें सर्व पोट भरलेल्या लोकांचे चाळे आहेत. मिक्सर असतां उखळ कशाला, दुकानांत गालिचे असतां चिंध्या कोण शिवतो, आणि मांजर हा तर निव्वळ उपद्रव. या मंडळींना आम्ही इतकेंच सांगूं कीं आमचें वास्तव्य श्रीपूरचें आहे. माळशिरस तालुक्यांतील या गांवाचें आजचें रूप साखर कारखान्यानें घडविलें. १९३४ सालीं स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनें येथें कारखाना उभारला. पुढें पांडुरंग सहकारी साखर कारखानाही येथेंच आला. हंगामांत मळीचा वास आमच्या श्वासांत असतो आणि भोंग्यावर आमचीं घड्याळें चालतात. यंत्राचा द्वेष करून श्रीपुरास राहतां येत नाहीं, आणि आम्ही तो करीतही नाहीं. आमच्या अंगावरची सोलापुरी चादर मागाची आहे आणि ती आम्हांस प्रिय आहे. यंत्रानें काम हलकें होतें, हें कोण नाकारील? परंतु काम हलकें झालें म्हणजे कामांतला आनंदही कालबाह्य झाला, असें जे समजतात त्यांनीं आपलें गाणें, आपलें चालणें, आपल्या हातचीं पत्रें, हींही एकदमच मोडींत काढावीं. यापेक्षां अधिक उत्तर त्यांस देण्याची गरज दिसत नाहीं. त्यांच्याकडून कोणाचें फारसें नुकसान होत नाहीं. जे स्तुति करतात त्यांच्याकडून होतें.

स्वयंपाकाचेंच पाहा. आमच्या जिल्ह्याचें अन्न म्हणजे ज्वारी. मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत अजून ती निगुतीनें पिकते, तिला भौगोलिक मानांकनही मिळालें आहे, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रांत निवडून काढलेली मालदांडी महाराष्ट्राबाहेरही गेली. आमच्या बाजूस मात्र नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी आलें, कारखाने आले, आणि ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला. शेतकऱ्यास दोष कसा द्यावा? पैसा जिकडे, तिकडे पीक. पण याच ज्वारीचें कौतुक, ती ताटांतून उठूं लागली तसतसें वाढत गेलें आहे. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हांपासून तर लग्नाच्या कार्यालयांत भाकरीचा स्वतंत्र ‘काउंटर’ लागूं लागला आहे. त्याच्यामागें नऊवारी नेसविलेली, नथ घातलेली एक बाई बसविलेली असते आणि पाहुणे मोबाइलवर तिचें चित्र घेतात. ती घरीं नऊवारी नेसत नाहीं. तिला तो वेष कंत्राटदार देतो आणि रात्रीं परत मोजून घेतो.

भाकरी सोपी आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं ती करावी. आम्हीं केली, म्हणून सांगतों. गव्हांत ग्लूटेन नांवाचा चिवट अंश असतो, तो कणीक धरून ठेवतो. ज्वारींत तो नाहीं. म्हणून भाकरीचें पीठ तळहाताच्या टाचेनें रगडून रगडून एकजीव करावें लागतें. पीठ चार दिवस जुनें झालें कीं त्याची विरी जाते, मग आधणाच्या पाण्यावांचून तें हातीं येत नाहीं. थापतांना कडा चिरतात. उचलतांना मधोमध फाटते. तव्यावर टाकतांना बोटें भाजतात. वरच्या अंगास पाणी फिरवावयास क्षणभर उशीर झाला तर पापुद्रा सुटत नाहीं. आमची पहिली भाकरी ज्या आकाराची झाली तो आकार कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. आमच्या पत्नीनें ती शांतपणें पाहिली आणि ताटांत वाढून घेतली. बोलल्या एवढेंच कीं, “अहो, सासूबाई रोज चोवीस करायच्या.”

चोवीस! आमच्या मातोश्रींचा हात, त्यांच्या हातची चव, यांविषयीं आम्हीं मित्रमंडळींत किती वेळां गहिंवरून बोललों असूं याचा हिशेब नाहीं. पण त्यांच्या मनगटास उतारवयांत जी ठसठस लागली होती तिचा आणि त्या चवीचा कांहीं संबंध असेल हें त्या दिवसापर्यंत आमच्या डोक्यांत आलें नव्हतें. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनांत आमचीं तीस वर्षें गेलीं. कार्यकारणभाव आम्ही विद्यार्थ्यांस शिकवितों.

शेंगांच्या चटणीचीही हीच गोष्ट. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरें; साहित्य पांच, आणि तें सर्वांस ठाऊक. मिक्सरच्या पात्यानें दाणा कापला जातो आणि त्याचा भुगा होतो. उखळांत तो चेंचला जातो, हळूहळू त्याचें तेल सुटतें, आणि त्या तेलांत लसूण व तिखट मुरून चटणीचा गोळा बनतो. फरक हा असा आहे, त्यांत गूढ कांहीं नाहीं. ‘आजीच्या हाताची जादू’ वगैरे शब्द आम्हांस आतां खपत नाहींत. जादू म्हटलें कीं कष्ट दिसेनासे होतात. अर्धा तास मुसळ घालणें याला जादू म्हणण्याची सोय फक्त मुसळ न घालणाऱ्यासच आहे. १८७५ सालीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ छापलें गेलें आणि १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधरांचें ‘गृहिणीमित्र’, ज्याचें दुसरें नांव ‘एक हजार पाकक्रिया’. पाककृति पुस्तकांत बसली, तिचें माप ठरलें, हें उत्तमच झालें. पण त्या पुस्तकाचें नांवही गृहिणीचा मित्र असेंच होतें. गृहस्थाच्या मित्राचें पुस्तक त्या काळीं कोणीं मागितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आतां वाकळ. पुण्यामुंबईच्या वाचकांस गोधडी म्हटल्यावर कळेल. आमच्याकडे वाकळ म्हणतात. जुनीं लुगडीं अस्तराला आणि पाठीला, मध्यें फाटकीं धोतरें, सदरे, परकर यांचे थर. सगळें जमिनीवर पसरून मोठ्या टाक्यांनीं आधीं जखडावयाचें, मग कडेपासून आंत धावदोऱ्याच्या ओळी घालीत यावयाचें. उन्हाळ्यांत शेतांत काम नसतें तेव्हां दोघी-तिघी समोरासमोर बसून ती शिवतात. बारीक टांका असेल तर महिनाही लागतो. वापरून वापरून ती मऊ होत जाते, कारण तिच्यांतलें प्रत्येक कापड आधींच एकदां झिजलेलें असतें. आमच्या घरीं एक वाकळ आहे. तिच्यांत आमच्या वडिलांचें एक पट्ट्यापट्ट्यांचें शर्ट, आमच्या आत्याचें हिरवें लुगडें आणि आमच्या मुलीचा पहिला फ्रॉक आहे. थंडींत ती अंगावर घेतली कीं जें सुख होतें त्याविषयीं आम्ही येथें लिहिणार नाहीं, कारण तसें लिहिण्याची हौस सध्यां फारच बोकाळली आहे.

दोन वर्षांपूर्वीं एका हस्तकला-प्रदर्शनांत आमच्यासमोर घडलेला प्रसंग सांगतों. एक गृहस्थ, पोशाख खादीचा, बोलणें सुसंस्कृत, एका वाकळेपुढें बराच वेळ उभे होते. रंगसंगति, लयबद्धता, लोककलेंतील अमूर्तता, असे शब्द त्यांच्या तोंडून आम्हीं ऐकले. विकणाऱ्या बाईनें किंमत सांगितली अठराशें. गृहस्थांनीं हजारांपासून आरंभ केला आणि तेराशेंवर सौदा तोडला. आम्हीं मागाहून त्या बाईस विचारलें, शिवायला किती दिवस लागले? म्हणाली, वीस-बावीस. ज्यास हिशेब येत असेल त्यानें दिवसाची मजुरी काढावी आणि मग अमूर्ततेविषयीं बोलावें. तीच वाकळ पुढें त्यांच्या दिवाणखान्यांत काचेच्या चौकटींत लागली असल्याचें आमच्या कानावर आलें. काचेंत घातलेली वाकळ! पाण्यांत न उतरलेली नाव आणि काचेंत घातलेली वाकळ या दोन्ही वस्तु सारख्याच.

याच मोसमांत, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, आमच्या कारखान्यांच्या आसमंतांत ऊसतोड करणाऱ्यांच्या कोप्या पडतात. हीं माणसें बीडकडून आणि आणखी कुठून कुठून संसार गाडींत घालून येतात, आणि त्या संसारांत सर्वांत मोठें बोचकें असतें तें वाकळांचें. पहाटे तीन दगडांच्या चुलीवर भाकरी होतात, वाकळा गुंडाळून कोपींत टाकल्या जातात आणि माणसें फडांत जातात. आमच्या एका स्नेह्यांस तेथें एक फार सुरेख वाकळ दिसली. त्यांनीं ती विकत मागितली आणि पैसेही बरे देऊं केले. त्या घरची बाई हंसली. म्हणाली, “इकली तर पोरं काय पांघरत्याल?” स्नेही हिरमुसले, त्यांस वाटलें, या लोकांना आपल्या कलेची किंमत कळत नाहीं. आमच्या मतें त्या प्रसंगीं किंमत कळणारी एकच व्यक्ति तेथें हजर होती.

येथें कोणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय, मग तुमचें काय म्हणणें? सर्वांनीं चुली पेटवाव्या? बायकांनीं पुन्हां उखळापाशीं बसावें? मुळींच नाहीं. ज्या बाईस मिक्सर हवा तिनें तो खुशाल घ्यावा, आणि तिच्या चटणीस नाकें मुरडणाऱ्यास दुसऱ्या दिवशीं मुसळ द्यावें. आमचा रोख स्त्रियांवर नाहीं, यंत्रावर नाहीं, आवडीवरही नाहीं. आनंद एकानें घ्यावा आणि त्याचें ओझें दुसऱ्यानें वाहावें, वर त्या ओझ्यास संस्कृति म्हणावें, यावर आहे.

हा पेंच आजचा नाहीं. १९२४ च्या डिसेंबरांत आपल्या बेळगांवास काँग्रेस भरली, अध्यक्ष खुद्द गांधीजी होते. सभासदत्वासाठीं दरमहा दोन हजार वार हातसुताची अट त्या वेळीं ठरली. कल्पना अशी कीं पुढाऱ्यानेंही रोज थोडा वेळ तरी मजुराचें काम करावें. पण ज्यास कांतण्याची इच्छा नसेल वा तें शक्य नसेल त्यानें दुसऱ्याकडून कांतवून आणावें अशी मोकळीकही त्याच ठरावांत ठेवावी लागली. आणि मोठमोठ्या लोकांनीं चरख्याची थोरवी गात गात सूत विकत घेतलें. पुढच्याच वर्षीं ती अट सैल करावी लागली. विल्यम मॉरिस या इंग्रज कवीनें हाताच्या कारागिरीसाठीं आयुष्य वेंचलें, निळीच्या पिंपांत स्वतःचे हात कोपरापर्यंत बुडविले, तरी त्याच्या कारखान्यांतले पडदे आणि गालिचे शेवटीं श्रीमंतांच्याच घरीं गेले, आणि याची खंत त्यास जन्मभर होती. त्याचे हात तरी निळे झाले होते. आमच्या रसिकांचे तेवढेही होत नाहींत.

आणि मांजर? मांजराचें येथें काय काम, असें वाचकांस वाटत असेल. आम्हांस तर या सर्व प्रकरणांत सर्वांत मोठा धडा मांजरानेंच दिला आहे, आणि तोही लंडनमधल्या. डॉक्टर जॉन्सन हा इंग्रजीचा महाकोशकार. त्याचें चरित्र बॉस्वेलनें १७९१ सालीं छापलें. बॉस्वेल सांगतो कीं जॉन्सनचें हॉज नांवाचें एक मांजर होतें आणि त्यासाठीं कालवें आणावयास डॉक्टर स्वतः बाजारांत जात. घरांत नोकर होते. पण नोकरास हा त्रास पडला तर तो त्या मुक्या जिवाचा राग करूं लागेल, ही त्यांस धास्ती. केवढी सूक्ष्म न्यायबुद्धि! ज्याचा लाड आपण करतों त्याचें काम दुसऱ्याच्या गळ्यांत घातलें तर तो दुसरा त्या लाडाचाच द्वेष करील, आणि त्याचा तो द्वेष रास्त असेल. १७५५ सालच्या त्या प्रचंड शब्दकोशासाठीं डॉक्टरांस जग ओळखतें. आम्हीं मात्र त्यांस कालवांच्या पुडीवरून ओळखलें. लंडनमध्यें गफ स्क्वेअरांत त्यांच्या घरासमोर हॉजचा पुतळा १९९७ सालीं बसविला आहे, शब्दकोशावर बसलेला, पुढ्यांत कालवांचे शिंपले.

आमच्या लहानपणीं घरांतल्या मांजरास हुद्दा होता. कणगींत ज्वारी असे, ज्वारीस उंदीर लागत, आणि उंदरांचा बंदोबस्त मांजराकडे. त्या बदल्यांत त्यास दुधाची वाटी आणि वैलाशेजारची जागा. आतां घरांत महिन्याचें पीठ पिशवींतून येतें; कणगी गेली तशी मांजराची नोकरीही गेली. त्याबरोबर लोकांची मायाही गेली. पिल्लें झालीं कीं पोत्यांत घालून कालव्यापलीकडे सोडून येण्याचा प्रघात आमच्या गांवांतही आहे, आणि तीं सोडून येणाराच घरीं येऊन मोबाइलवर परदेशी मांजराच्या खोड्यांच्या चित्रफिती पाहून हंसतो. ज्यांची ऐपत आहे ते हजारों रुपये मोजून लांब केसांचीं पर्शियन मांजरें आणतात. सोलापूरचा वैशाख! पारा बेचाळिसावर जातो. तें बिचारें केंसाळ जनावर थंड हवेच्या यंत्रापुढें पडून धापा टाकतें, त्याचे केंस विंचरावयास आणि त्याची पेटी साफ करावयास मोलकरीण, आणि त्याचीं चित्रें काढावयास धनी. तिनें त्या मांजराचा राग न करावा म्हणून बाजारांत कोण जातो?

मांजरी पिल्लांना सात घरें हिंडविते म्हणतात. तीन वर्षांपूर्वीं एक कबरी मांजरी अशीच हिंडत आमच्या अडगळीच्या खोलींत आली आणि राहिली. तिचा कांहीं उपयोग नाहीं. उंदीर दिसला तर ती त्याच्याकडे आम्ही उत्तरपत्रिकांकडे पाहतों तशा नजरेनें पाहते. पण सकाळीं तिला दूध आम्ही देतों, तिची घाण आम्ही काढतों, तिनें दूध उलथलें तर फरशी आम्ही पुसतों. हा करार आमच्या पत्नीनें पहिल्याच दिवशीं करून घेतला आणि तो पाळला जातो कीं नाहीं यावर त्यांचें बारीक लक्ष असतें. एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली आहे. पूर्वीं मांजर पायांत घोटाळलें तर आम्हांस कौतुक वाटे आणि पत्नीस त्रास. आतां कधीं कधीं उलट होतें, आणि संध्याकाळीं त्या वाकळेवर ती मांजरी आणि आमच्या पत्नी अशा दोघी स्वस्थ बसलेल्या दिसतात. त्या वेळीं आम्ही बहुधा भाकरीपाशीं असतों. दर रविवारीं आठ. आकार सुधारतो आहे.

वेळ नाहीं, ही सबब आम्हांस सांगूं नये. व्याख्यानास दीड तास होता. ज्यांस खरोखरच जमत नाहीं, कोणी आजारी असेल, कोणी दोन ठिकाणीं राबत असेल, त्यांस आमचा एक शब्दही लागू नाहीं; त्यांनीं आयतें जरूर घ्यावें, मात्र पुरी किंमत द्यावी आणि घासाघीस भाजीवाल्याशींही करूं नये, मग वाकळवालीशीं तर दूरच. बाकीच्यांनीं उखळाची स्तुति करण्यापूर्वीं हातावर एक तरी फोड येऊं द्यावी.

आमच्या या लिहिण्यानें रसिक मंडळी दुखावतील आणि संपादकांकडे पत्रें येतील हें आम्ही जाणून आहों. तीं अवश्य यावींत. संपादकांनीं तीं छापावींत. फक्त पत्राच्या शेवटीं, नांव-गांवाबरोबर, त्या दिवशीं घरीं भाकरी कोणीं थापल्या हेंही प्रत्येकानें नमूद करावें.